अफगाण हाउंडला कोकणात कधी पळवावे?

कोकणात अफगाण हाउंड किंवा सालुकी पाळणाऱ्याला, किंवा घाटावरून झुपकेदार कानांचे पश्मी (कारवान हाउंड या शिकारी कुत्र्याचा केसाळ प्रकार) आणणाऱ्याला, दोन सल्ले हमखास मिळतात. एक, केस भादरून टाका. दुसरा, सकाळी हवेत ९० टक्के ओलावा असतो, त्यापेक्षा दुपारी चारनंतर फिरवा. दोन्ही चुकीचे आहेत, आणि दुसरा का चुकतो हे समजून घेण्यात खरी मौज आहे.

ही कुत्री नजरेने भक्ष्य हेरून सुसाट सुटणारी. पळताना स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेचा जेमतेम पाव हिस्सा हालचालीच्या कामी येतो, उरलेल्याची उष्णता होते. कुत्र्याच्या अंगाला आपल्यासारखा घाम येत नाही, येतो तो पंजांच्या गाद्यांना. म्हणून तो धापा टाकतो, मिनिटाला ३०० हून अधिक. हवा बहुतेक नाकातून आत जाते, तोंडातून बाहेर पडते आणि वाटेत ओल्या अस्तरावरचे पाणी उचलते. इतक्या धापांनी तो थकत कसा नाही? त्या धापांची गती त्याच्या छाती-फुप्फुसांच्या नैसर्गिक कंपनसंख्येजवळ असते. झोपाळ्याला त्याच्याच लयीत दिलेला हलका धक्का पुरतो, तसे हे.

आता हिशेब. २५ किलोच्या कुत्र्याचे तापमान १ अंशाने उतरवायला सुमारे ३६ ग्रॅम पाण्याची वाफ व्हावी लागते. ३८ अंशांची, वाफेने भरलेली उच्छ्वासाची हवा घनमीटरला ४६ ग्रॅम पाणी नेते. पण आत येतानाच तिच्यात किती होते, त्यावर सगळे अवलंबून. अफगाणिस्तानातल्या ३५ अंश आणि २० टक्के आर्द्रतेच्या हवेत ते असते ८ ग्रॅम. म्हणजे घनमीटरमागे ३८ ग्रॅम बाहेर, एक घनमीटर हवेत काम झाले. रत्नागिरीत दुपारी चारला ३३ अंश आणि ७० टक्के धरा : हवेत आधीच २५ ग्रॅम. त्याच कामाला पावणेदोन घनमीटर लागते. पहाटे २५ अंश आणि ९० टक्के? जेमतेम २१ ग्रॅम! टक्केवारी वाढली, पाणी मात्र घटले, कारण थंड हवेची वाफ धरण्याची क्षमताच कमी. शिवाय गार हवा आणि गार वाळू अंगातली उष्णता थेट ओढून घेतात, ते वेगळेच.

त्यात शाळेत शिकलेले खारे आणि मतलई वारे आहेत. रात्री जमिनीकडून येणारा मतलई वारा तुलनेने कोरडा. दिवस वर आला की खारा वारा समुद्राची वाफ घेऊन येतो. पावसाळा सोडला तर कुत्र्याला दौडवायची वेळ उजाडता उजाडताच.

केस भादरू नका. उघड्या कातडीवर ऊन सरळ पडते. पण गाठी झालेल्या केसांखाली दमट हवेत बुरशी आणि जखमा होतात. म्हणून केस थोडे ओलसर करून मुळापर्यंत विंचरा. समुद्रात उतरला तर गोड्या पाण्याने धुवा आणि काखा, पोट, कानांमागचा भाग नीट कोरडा करा. गोचिड्या तिथेच दडतात.

सुटे सोडायचे तर उंच कुंपणाच्या आवारातच. चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा अफगाण हाउंड सहज ओलांडतो, आणि एकदा मांजर दिसले की हाक त्याच्या कानापर्यंत पोहोचली तरी मनापर्यंत पोहोचत नाही. किनाऱ्यावर पट्टा हवाच. वेळास-आंजर्ल्याला कासवांच्या अंडी घालण्याच्या हंगामात तर कुत्रे नेऊच नये.

कुत्रा अडखळू लागला, हिरड्या लालभडक झाल्या, की दृष्ट काढण्यात मिनिटे घालवू नका. उन्हावर कांदा हा उपाय कुत्र्यासाठी विष आहे. कांद्याने त्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. सावलीत घ्या, मिळेल ते गार पाणी केसांच्या मुळांपर्यंत ओता, वारा घाला आणि मग दवाखाना गाठा. तो उठून उभा राहिला तरी न्याच, कारण मूत्रपिंडे आणि रक्त गोठण्याची क्रिया काही तासांनंतरही बिघडू शकते.