हुकमी डाव

हुकमी डाव : (कुस्ती). एखाद्या मल्लाच्या अंगी पूर्ण मुरलेला, ऐन लढतीत हमखास बसणारा आणि पुढे त्याच्या नावाशी जोडला जाणारा डाव. तालमीत ‘ठेवणीतला डाव’ हा शब्दही चालतो. पण ठेवणीतला डाव मल्ल झाकून ठेवतो, तर हुकमी डाव समोरच्याला ठाऊक असूनही बसतो. एका मल्लामुळे सगळ्यांची लढण्याची रीत कशी बदलते, हे कोल्हापूरच्या कुस्तीत या डावांवरून स्पष्ट दिसते.

डावांच्या मूळाविषयी एकमत नाही. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासात (सु. ११३१) मल्लविनोदाचे वर्णन आहे. मल्लपुराणात पकडी व मेहनतीचे प्रकार येतात, पण त्याचा काळ तेराव्या ते सतराव्या शतकांदरम्यान कुठेही धरला जातो. भीमसेनी (बळाची), हनुमंती (चपळाईची), जांबुवंती (जखडून ठेवणारी) आणि जरासंधी (सांधे पिरगाळणारी) ही विभागणी पौराणिक नावांमुळे अतिप्राचीन भासते. मात्र नाव जुने म्हणून डावही तितकाच जुना, असे म्हणता येत नाही.

कोल्हापुरी कुस्तीच्या घडणीबद्दलही दोन मते आहेत. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४–१९२२) राजाश्रयामुळे उत्तरेकडील नामवंत पैलवान येथे आले. खासबाग मैदानाचे काम १९०७ च्या सुमारास सुरू होऊन १९१२ मध्ये पुरे झाले, असे सामान्यतः मानले जाते. काही अभ्यासक येथील डावपेचांचे श्रेय या पाहुण्या पैलवानांना देतात, तर काही गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी, मठ अशा तालमींना. दुसरे मत अधिक पटते. पाहुणा डाव दाखवून जातो; पण रोज पहाटे त्याच डावाखाली पडणारी पोरे त्याची तोड शोधतात. एका मल्लाने खेळ बदलल्याची खरी खूण त्याच्या डावात कमी आणि इतरांनी शिकलेल्या तोडीत अधिक असते.

ढाक या डावाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. प्रतिस्पर्ध्याची मान कवेत घ्यायची, दुसऱ्या हाताने त्याचा दंड खेचायचा, पाठ वळवून त्याला कमरेवर घ्यायचे आणि समोर आपटायचे. सगळी मदार वळण्यावर आहे. कंबर नीट आत शिरली नाही, तर समोरचा खाली बसून कमरेला मिठी घालतो आणि पाठीवर येतो. हीच तिची मुख्य तोड. हळद, ताक, तेल, लिंबू घालून मळलेल्या आखाड्याच्या हौदातल्या तांबड्या मातीत पाऊल रुतते, म्हणून टाच उचलूनच वळावे लागते. घामाने निसटणारी पकड टिकावी म्हणून मल्ल मूठभर माती घेऊन जोडीदाराच्या मानेवर चोळतो.

ही ढाक खाशाबा जाधव (१९२६–८४) यांची हुकमी मानली जाते. ते कराडजवळच्या गोळेश्वरचे आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, मॅटचा फारसा सराव नसताना, ते सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला ५७ किलो गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ढाक त्यांनी शोधली नाही. धिप्पाड देहाला मान असलेल्या मैदानी कुस्तीत लहान चणीचा मल्ल वेगावर काय करू शकतो, हे त्यांनी दाखवले. हे श्रेय शोधापेक्षा तसूभरही कमी नाही.

पायाखालची जमीन बदलल्याशिवाय असे बदल सहसा टिकत नाहीत. उंच उडीत डिक फॉसबरीने १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये पाठीवरून उडी घेत २.२४ मीटरवर सुवर्ण जिंकले आणि काही वर्षांत जुन्या पद्धती मागे पडल्या. मात्र पाठीवर पडणे सुरक्षित झाले ते फोमच्या गाद्या आल्यामुळे. म्हणूनच कॅनडाच्या डेबी ब्रिललाही त्याच सुमारास स्वतंत्रपणे तशीच उडी सुचली. कुस्तीत हे काम मॅटने आणि गुणपद्धतीने केले. मातीत दोन्ही खांदे टेकवून चितपट करेपर्यंत वाट पाहता येत असे. आज तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत फसलेली ढाक समोरच्याला थेट गुण देऊन जाते. त्यामुळे एकेरी व दुहेरी पट काढण्याला (समोरच्याचा एक वा दोन्ही पाय धरून त्याला पाडण्याला) महत्त्व आले.

गणपत आंदळकर यांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण मिळवले. या प्रकारात कमरेखाली धरता येत नाही, म्हणजे पट मुळातच बाद. मातीत वाढलेल्या मल्लाचे कमरेवरचे बळ तिथे कामी आले असावे.

महिला कुस्तीत हुकमी डावांची वेगळी परंपरा अद्याप घडते आहे. आता अनेक तालमींत हौदाच्या शेजारीच मॅट अंथरलेली असते.