देवमाशाची ओळख शेपटीवरून

हंपबॅक देवमासा खोल बुडी मारताना शेपटी पाण्याबाहेर उभी करतो. तिच्या खालच्या अंगावरचे काळे-पांढरे डाग, ओरखडे आणि कडेचे दाते प्रत्येकाचे निराळे असतात. 1970च्या दशकात संशोधकांनी हे हेरलं. त्याआधीची रीत भयंकर होती. धातूची खुणेची नळी देवमाशाच्या अंगात झाडायची आणि पुढेमागे तो शिकारी जहाजावर कापला गेला, की नळी कुठे सापडली ते नोंदवायचं. म्हणजे प्रवास कळायचा तो प्रवासी मेल्यावर!

आता फोटो पुरतो. अलास्काच्या थंड पाण्यात उन्हाळाभर चरणारे हंपबॅक हिवाळ्यात विणीसाठी हवाईला जातात. एका खेपेला सुमारे 4,800 किलोमीटर. हवाईत मोठी जनावरं जवळपास काहीच खात नाहीत. आई पिलाला दूध पाजते तेही अंगातली चरबी जाळून. म्हणून संशोधक ड्रोनने तिचं वरून चित्रीकरण करतात. ड्रोन किती उंचीवर आहे हे माहीत असलं, की चित्रावरून तिची लांबी-रुंदी काढता येते. तीच आई पुन्हा टिपली, तर मधल्या काळात ती किती रोडावली हेही दिसतं.

शेपट्या जुळवण्याचं काम मात्र वर्षानुवर्षं किचकट होतं, कारण माणसंच अल्बम चाळत बसत. 2015 मध्ये ‘हॅपीव्हेल’ हे संकेतस्थळ सुरू झालं. इथे पर्यटकही आपले फोटो पाठवतात आणि संगणक जुळणी करतो. हौशी लोकांच्या फोटोंतून विज्ञान होईल का, अशी शंका येणं साहजिक आहे. पण याच साठ्याच्या आधारे 2024 मध्ये उत्तर पॅसिफिकची गणना प्रसिद्ध झाली. 2012 मध्ये तिथे सुमारे 33,500 हंपबॅक होते, 2021 मध्ये सुमारे 26,700 उरले. मधल्या 2014 ते 2016 या काळात समुद्र असाधारण तापला होता आणि त्यांचं अन्न आटलं होतं. इथल्या हंपबॅकच्या व्यापारी शिकारीवर तर 1966 पासूनच बंदी आहे. गंमत म्हणजे हवाईत येणाऱ्या हंपबॅकना अमेरिकेने संकटग्रस्तांच्या यादीतून वगळलं ते 2016 मध्येच. तेव्हा घसरण सुरू झालेली होती.

आपल्या अरबी समुद्रातले हंपबॅक वेगळे. ते ध्रुवाकडे जातच नाहीत, बारा महिने इथेच राहतात आणि संख्येने बहुधा शंभराच्या आत आहेत. 2017च्या अखेरीस ओमानजवळ उपग्रह टॅग लावलेली लुबान नावाची मादी समुद्र ओलांडून भारताच्या पश्चिम किनाऱ्याला आली, दक्षिण टोकापर्यंत गेली आणि ओमानला परतली.

इतक्या थोड्या जनावरांसाठी एकेक फोटो मोलाचा. सिंधुदुर्गाच्या समुद्रात दिसणारा ब्रायडीज देवमासा सहसा शेपटी वर काढत नाही. त्यामुळे कोकणात मासेमारीला गेलेल्या कुणाला उभी शेपटी दिसलीच, तर होडी जवळ न नेता, मागच्या बाजूने, खालचं अंग पुरतं येईल असा फोटो घ्यावा आणि सोबत तारीख व जागा नोंदवावी.