पार्श्वभूमी: सार्वकालिक दृष्टी आणि रोजचा हिशेब

‘आपले नागरिकत्व स्वर्गात आहे’ हे फिलिप्पैकरांस पत्रातले वाक्य मंडळीत वरचेवर कानावर पडते. पण सोमवारी सकाळी त्याचे करायचे काय, हे क्वचितच सांगितले जाते. त्यामुळे कोणाला वाटते, सार्वकालिक गोष्टींकडे लक्ष लावायचे म्हणजे संसारातून अंग काढून घ्यायचे. कोणाला वाटते, ही वचने अंत्यविधीच्या वेळी वाचण्यापुरतीच. ख्रिस्ती माणसांनी ही दृष्टी वेळापत्रकात, पैशाच्या वहीत आणि आजाऱ्याच्या उशाशी कशी उतरवली, आणि ती कुठे भरकटली, हे माहीत असले की दोन्ही समज मावळतात.

प्रेषित पौलाने ते वाक्य लिहिले ते फिलिप्पैच्या मंडळीला. फिलिप्पै मासेदोनियात असले तरी रोमी वसाहत होती. राहायचे इथे, कायदा आणि मान रोमचा, हे तिथल्या लोकांना रोजचे होते. स्वर्गीय नागरिकत्वाचा अर्थही त्यांनी तसाच घेतला असणार: गाव सोडायचे नाही, पण वागायचे त्या दुसऱ्या नगरीच्या रीतीने.

पहिला घोटाळा मात्र थेस्सलनीकात झालेला दिसतो. तिथल्या मंडळीला पौलाने साधारण इ.स. ५० च्या सुमारास पत्र लिहिले. प्रभूच्या पुनरागमनाचा प्रसिद्ध उतारा त्यात ४:१३ पासून सुरू होतो. त्याच्या अगदी आधी, ४:११ मध्ये, सूचना आहे ती आपापला व्यवसाय करण्याची आणि आपल्या हातांनी काम करण्याची. आपण उतारा १३ व्या वचनापासून वाचायला घेतो आणि ११ वे गाळतो, ही मोठी चूक आहे. कारण काहीही असो, तिथले काही जण कामधंदा सोडून इतरांच्या अन्नावर बसले होते. म्हणूनच दुसऱ्या पत्रात ज्याला काम करायचे नाही त्याने खाऊही नये, असा कडक नियम आला. करिंथच्या मंडळीला याच पौलाने आणखी एक साधी शिस्त लावून दिली. यरुशलेमेतल्या गरिबांसाठीची वर्गणी तो येईल तेव्हा घाईने गोळा करायची नाही. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूला काढून ठेवायचे. वर पाहणाऱ्या माणसाचा हात दर आठवड्याला खिशात जातो, ही सवय तिथून सुरू होते.

छळाच्या काळात या दृष्टीची किंमत जिवाने मोजावी लागली. स्मुर्णा (आजच्या तुर्कस्तानातले इझमीर) येथील वृद्ध बिशप पॉलिकार्प दुसऱ्या शतकाच्या मध्यास जाळला गेला. त्याच्या मंडळीने अस्थी गोळा केल्या आणि दरवर्षी त्या दिवशी जमून त्याच्या हौतात्म्याचा ‘जन्मदिवस’ पाळायचे ठरवले; मरण म्हणजे सार्वकालिक जीवनात जन्म, ही त्यामागची समजूत.

पण नजर सार्वकालिकावरून घसरून तारखेवर गेली की काय होते, याची नोंदही जुनीच आहे. तिसऱ्या शतकाच्या आरंभी हिप्पोलितस या ख्रिस्ती लेखकाने दोन बिशपांची हकीकत लिहून ठेवली. सिरियातला एक जण बायकामुलांसह आपल्या लोकांना ख्रिस्ताला भेटायला रानात घेऊन गेला. ते डोंगरांत भटकत राहिले आणि दरोडेखोर समजून मारले जायचेच बाकी होते. सुभेदाराची बायको विश्वासी होती, तिने गळ घातली म्हणून वाचले. काळ्या समुद्राकाठच्या पोंतस प्रांतातला दुसरा बिशप भला आणि नम्र होता, पण शास्त्रापेक्षा स्वप्नांवर त्याची भिस्त. वर्षभरात न्यायाचा दिवस येणार, असे त्याने सांगितल्यावर लोकांनी शेते पडीक टाकली, गुरे विकली. वर्ष सरले. ज्यांनी सगळे विकले होते त्यांच्यावर भीक मागायची पाळी आली. अमेरिकेत विल्यम मिलर या उपदेशकाच्या अनुयायांनी ख्रिस्ताच्या पुनरागमनासाठी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली तेव्हा काही शेतकऱ्यांनी उभे पीक काढलेच नाही. पोंतसात आणि अमेरिकेत घडले तेच: ‘केव्हाही’ या शब्दाची जागा ‘अमुक दिवशी’ने घेतली. ‘केव्हाही’ म्हटले की रोज तयार राहावे लागते. तारीख मिळाली की रोजचे काम फालतू वाटू लागते.

याच्या नेमके उलट टोक सहाव्या शतकात इटलीतल्या माँते कासिनो इथे सापडते. तिथल्या मठाचा संस्थापक बेनेडिक्ट याच्या मठ-नियमांच्या चौथ्या प्रकरणात मरण रोज डोळ्यांपुढे ठेवण्याची आज्ञा आहे. तेच नियम सांगतात की माणशी दिवसाला पौंडभर पाव द्यावा, स्तोत्रसंहितेतली सगळी १५० स्तोत्रे आठवड्यात एकदा म्हणून व्हावीत, प्रार्थनेच्या वेळा दिवसा सात आणि रात्री एक असाव्यात, आणि मधले तास हातकाम व वाचनात वाटलेले असावेत. ३१ व्या प्रकरणात कोठाराची व्यवस्था पाहणाऱ्याला सांगितले आहे की मठातली भांडी आणि अवजारे वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी मानावीत. कुदळ हरवणे किंवा मडके फोडणे हा तिथे कबुली देण्याचा विषय होता. मरण डोळ्यांपुढे असलेला माणूस कुदळ धुऊन जागेवर ठेवतो, एवढी ही शिकवण ठोस आहे.

चौदाव्या शतकातल्या प्लेगने युरोपचे चित्र पालटले. गावेच्या गावे आजारी, धर्मगुरूही मेलेले. मरणाऱ्याजवळ बसायचे कोणी आणि बोलायचे काय? पंधराव्या शतकात त्यासाठी ‘मरणाची कला’ शिकवणाऱ्या छोट्या पुस्तिका निघाल्या. शतकाच्या मध्याला निघालेल्या आवृत्तीत ११ लाकडी ठशांची चित्रे होती, म्हणजे वाचता न येणाऱ्या शेजाऱ्यालाही ती दाखवून वापरता येत. मरणाऱ्याला पाच मोह घेरतात, असा त्यांचा क्रम होता: विश्वास डळमळणे, निराशा, वेदनांपुढे चिडचिड, स्वतःच्या पुण्याईचा गर्व, आणि शेवटी मालमत्तेची व माणसांची ओढ. प्रत्येक मोहाच्या चित्राशेजारी त्याला उत्तर देणारे चित्र. अकरावे चित्र प्राण जातानाचे.

पाचव्या मोहाचे चित्र आजही नीट पाहण्यासारखे आहे. खाटेभोवती घरची माणसे उभी आहेत, आणि दुष्टात्मे आजाऱ्याला बोटाने दाखवताहेत ते काय? तळघरातली दारूची पिंपे आणि तबेल्यात शिरणारा घोडा. ज्या गोष्टींची काळजी करत आयुष्य गेले त्याच शेवटी डोळ्यांपुढे नाचतात, हे चित्रकाराने अचूक टिपले आहे.

उशाशी बसणाऱ्याची कामे या परंपरेने स्पष्ट नेमून दिली होती. आजाऱ्याला विचारायचे: ख्रिस्ताच्या विश्वासात मरण्यात तुला समाधान आहे ना? झालेल्या पापांचा पश्चात्ताप आहे ना? बरा झालास तर सुधारण्याचा निश्चय आहे ना? ख्रिस्त तुझ्यासाठी मेला, हे मानतोस ना? आणि एक ठाम ताकीद होती, बरे होण्याची खोटी आशा दाखवू नका. त्या आशेपायी माणूस तयारीवाचून जातो. आपल्याकडे रुग्णाला ‘काही नाही, दोन दिवसांत घरी जाल’ म्हणण्याची जी रीत आहे, तिच्यामुळे कितीतरी जणांचा समेट आणि निरोप राहून जातो. सहाशे वर्षांपूर्वीची ही ताकीद म्हणूनच आजही पाळावी अशी आहे.

या पुस्तिकांची उणीव पुढे उघड झाली. सगळा जोर शेवटच्या तासावर पडल्याने मधली चाळीस-पन्नास वर्षे मोकळीच राहिली. ती भरण्याचे एक उत्तर येशू संघाचा (जेझुइट) संस्थापक इग्नेशियस लोयोला याने दिले. त्याच्या साधनाक्रमाला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. त्यातली रोजची आत्मपरीक्षा पाच टप्प्यांची आहे: कृपांबद्दल उपकार मानणे, पाप ओळखण्यासाठी साहाय्य मागणे, उठल्यापासूनचा एकेक तास तपासणे, क्षमा मागणे आणि सुधारणेचा निश्चय करणे. एखादा विशिष्ट दोष घालवायचा असेल तर पद्धत आणखी बारीक. आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी दोन रेघा आखायच्या, एक दुपारच्या जेवणानंतरची आणि एक रात्रीची, आणि जितक्या वेळा तो दोष घडला तितके ठिपके द्यायचे. मग दुपारची रात्रीशी, आजची कालशी, या आठवड्याची मागच्याशी तुलना करायची. इथे लोक दोन ठिकाणी अडखळतात. एकदम चार-पाच दोष हाती घेतात. पद्धत आहे एकाच दोषाची. आणि उपकार मानण्याचा पहिला टप्पा वगळतात. तो वगळला की उरते नुसती स्वतःला टोचणी, आणि आठवड्याभरात वही बंद पडते.

ही शिस्त आपल्या भूमीवर लवकर आली. इग्नेशियसचा सहकारी फ्रान्सिस झेवियर मे १५४२ मध्ये गोव्यात उतरला, आणि त्याच संघाचा इंग्रज धर्मगुरू थॉमस स्टीफन्स याने तारणाची सारी कथा मराठी ओवीत बांधली. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोलला छापले गेले.

पैशाच्या बाबतीत मात्र इंग्लंडमधल्या मेथॉडिस्ट चळवळीचा प्रणेता जॉन वेस्ली (१७०३ ते १७९१) याच्याइतके नेमके मार्गदर्शन फार थोड्यांनी केले. ऑक्सफर्डमधल्या एका तरुणाचा हिशेब त्याने प्रवचनात दिला आहे; तो तरुण स्वतः वेस्लीच, असे सहसा मानले जाते. पहिल्या वर्षी उत्पन्न ३० पौंड, खर्च २८, दान २. दुसऱ्या वर्षी उत्पन्न ६०, खर्च तेवढाच २८, दान ३२. तिसऱ्या वर्षी ९० पैकी ६२ दिले, चौथ्या वर्षी १२० पैकी ९२. यातली किल्ली दानाच्या टक्केवारीत नाही, खर्चाचा आकडा आधी ठरवून तो हलू न देण्यात आहे. दशांश देऊन मोकळे होणाऱ्याचे राहणीमान पगाराबरोबर चढतच राहते, आणि उरलेल्या नऊ भागांचा जाबही आपल्याला कधीतरी द्यावा लागणार हे तो विसरतो.

‘भरपूर मिळवा, भरपूर वाचवा, भरपूर द्या’ या त्याच्या तीन सूत्रांपैकी पहिल्यालाही कुंपण आहे. जिवाला, मनाला किंवा शेजाऱ्याला अपाय करून मिळवायचे नाही. शिसे वितळवण्याच्या वाफा आणि सोमल (आर्सेनिक) यांसारख्या घातक पदार्थांच्या धंद्यांचा त्याने नाव घेऊन उल्लेख केला. खर्चाबाबत शंका आली तर चार प्रश्न: मी हा पैसा मालक म्हणून खर्चतो की कारभारी म्हणून? देवाच्या वचनाला धरून आहे का? हा खर्च मी देवाला अर्पण म्हणून वाहू शकेन का? नीतिमानांच्या पुनरुत्थानाच्या वेळी याचे प्रतिफळ मिळेल, असे मानायला जागा आहे का? नवा फोन किंवा लग्नाचा हॉल ठरवताना हे प्रश्न मोठ्याने वाचून पाहावेत.

हे एकट्याने टिकत नाही, हेही वेस्लीने ओळखले. १७४२ मध्ये ब्रिस्टलच्या सभागृहाचे कर्ज फेडायला साधारण बारा-बारा जणांचे गट केले गेले. गटप्रमुखाने आठवड्याला घरोघर जाऊन पेनी गोळा करायची. त्या फेऱ्यांत कोणाचे कसे चालले आहे हे कळू लागले आणि वर्गणीचा गट आत्मिक देखरेखीचा झाला. तरीही म्हातारपणी वेस्ली खिन्न होता. श्रद्धेने माणसे कष्टाळू आणि काटकसरी झाली, त्यातून पैसा आला, आणि पैसा आला तशी श्रद्धा आटली. पहिली दोन सूत्रे लोकांनी उचलली, तिसरे सोडले.

महाराष्ट्रात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या सार्वकालिक दृष्टीची दोन वेगळी रूपे दिसली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा तो बंधुवर्ग होता. १९१९ मध्ये टिळक गेले आणि त्या तोलाचा दुसरा माणूस दरबाराला मिळाला नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून आणलेल्या मुली व विधवांसाठी प्रार्थनेच्या जोडीने शेती, विणकाम आणि छापखाना उभा केला. १९०५ च्या आत्मिक जागृतीच्या काळात तिथे तासन्‌तास प्रार्थना चालत, आणि माग व छापखानाही चालत. रमाबाईंनी इब्री व ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या १९२२ मधल्या निधनानंतर, १९२४ मध्ये, पूर्ण स्वरूपात बाहेर पडले. मिशनचे काम केडगावला आजही चालू आहे.