चेक इंजिनचा पिवळा दिवा आणि मेव्हण्याचे साडेपाच हजार

परवा मेव्हण्याचा फोन. "दाजी, ती पिवळी लाईट परत लागली."

झालं असं की गेल्या महिन्यात हे लोक तुळजापूरहून सोलापूरला येत होते, तामलवाडीच्या अलीकडं डॅशबोर्डवर चेक इंजिनची लाईट लागली. गाडी तशी चालत होती, फक्त सात रस्त्याच्या सिग्नलला थांबली की थरथर करायची. पहिलं जे गॅरेज दिसलं तिथं घातली, तिथल्या पोरानं स्टिअरिंगखाली एक छोटी डबी लावली, मोबाईलवर बघितलं आणि निकाल दिला, ऑक्सिजन सेन्सर गेलाय. साडेपाच हजार रुपये. लाईट गेली, मेव्हणा खूश. पाचव्या दिवशी लाईट परत हजर.

मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो, गाड्या दुरुस्त करत नाही, पण हा सेन्सर माझ्या लाडक्या विषयातला निघाला म्हणून हा लेख. आणि दुसरं कारण म्हणजे "कम्प्युटर लावला की काय बिघडलंय ते कळतं" हा जो समज आहे तो. स्टेशनवरच्या वजनकाट्यातून तिकीट पडायचं, एका बाजूला वजन आणि मागं भविष्य, तसं लोकांना वाटतं की स्कॅनरमधून पार्टचं नाव छापून येतं. येत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी, पटकन सांगतो. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं जे सॉकेट असतं ते ओबीडीचं, म्हणजे गाडीनं स्वतःच स्वतःवर ठेवलेली नजर. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ते सगळ्या कारना सक्तीचं झालं आणि त्याच्या मागं कॅलिफोर्नियातल्या धुरक्याची कटकट होती. आपल्याकडं भारत स्टेज चार या प्रदूषणाच्या नियमांसोबत एप्रिल २०१० पासून पहिला टप्पा आणि एप्रिल २०१३ पासून दुसरा टप्पा आला. मुद्दा काय, तर ही व्यवस्था मालकाच्या सोयीसाठी बनलेली नाही, सायलेन्सरमधून काय बाहेर पडतंय याच्यावर लक्ष ठेवायला बनलेली आहे. म्हणून ब्रेक पॅड पार झिजून लोखंडावर लोखंड घासत असलं तरी हा पिवळा दिवा गप्प बसतो आणि पेट्रोलच्या टाकीचं झाकण नीट लागलं नाही म्हणून काही गाड्यांत लगेच डोळे वटारतो.

मेव्हण्याच्या गाडीत कोड, म्हणजे स्कॅनरवर दिसणारा तक्रारीचा नंबर, आला होता पी०१७१. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचं खातं, पुढचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना सामाईक कोड, नंतरचा एक म्हणजे हवा-इंधनाचा विभाग. पूर्ण अर्थ, "मिश्रण फार लीन आहे", हवा जास्त आणि पेट्रोल कमी. आता ही बातमी ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कम्प्युटरला, दिली कुणी? ऑक्सिजन सेन्सरनं. म्हणजे गल्लीत धूर दिसतोय म्हणून ज्यानं अग्निशामकला फोन केला त्यालाच त्या पोरानं उचलून नेलं.

आता माझा आवडता भाग. कंटाळा आला तर पुढची दोन पॅरे सोडून भाकरीपाशी या.

हा सेन्सर म्हणजे सायलेन्सरच्या पाईपमध्ये खुपसलेलं झिर्कोनियाचं एक बोट. झिर्कोनिया म्हणजे एक सिरॅमिक, कपबशीच्या खानदानातलं, पण साधारण तीनशे-साडेतीनशे डिग्रीच्या वर तापलं की त्याच्यातून ऑक्सिजनचे आयन सरकायला लागतात. बोटाच्या आत बाहेरची स्वच्छ हवा, बोटाच्या बाहेर इंजिनातून आलेला धूर, आणि दोन्ही बाजूंना प्लॅटिनमचा पातळ थर. आत ऑक्सिजन २१ टक्के, धुरात कमी, त्यामुळं आयन जास्तीकडून कमीकडं जाऊ बघतात आणि दोन थरांमध्ये व्होल्टेज तयार होतं. किती, ते वाल्थर नर्न्स्टच्या १८८९ च्या समीकरणातून निघतं. नर्न्स्टला पुढं १९२० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, गाड्यांशी या समीकरणाचा तेव्हा काही संबंध नव्हता. बॉशनं हा सेन्सर गाडीत आणला १९७६ साली, व्होल्वोच्या गाडीत.

मजा आकड्यांत आहे. सहाशे डिग्रीला समीकरणातला गुणक येतो साधारण १९ मिलिव्होल्ट. धुरात एक टक्का ऑक्सिजन उरला असेल, म्हणजे लीन, तर आत-बाहेरचं गुणोत्तर २१, त्याचा नॅचरल लॉग तीनच्या आसपास, व्होल्टेज जेमतेम ५७ मिलिव्होल्ट. आता पेट्रोल जरा जास्त झालं, रिच झालं, की प्लॅटिनम काय करतं, धुरात उरलासुरला ऑक्सिजन कार्बन मोनॉक्साइडशी जाळून टाकतं, मग पृष्ठभागावर ऑक्सिजनचा दाब वातावरणाच्या एकावर वीस शून्यं इतक्या पटीनं कमी होतो (हो, वीस), लॉग जातो चव्वेचाळीसच्या पुढं आणि व्होल्टेज ०.८४ च्या आसपास. मधलं काही नाही. १४.७ किलो हवेला एक किलो पेट्रोल हा जो बरोबर हिशोब आहे त्याच्या जरा अलीकडं ०.८ आणि जरा पलीकडं ०.१, मधे सरळ कडा, पन्हाळ्याच्या तटासारखी. म्हणजे हा सेन्सर "किती" सांगत नाही, फक्त "जास्त" किंवा "कमी" एवढंच ओरडतो. नव्या बऱ्याच गाड्यांत "किती" सांगणारे वाईडबँड सेन्सर असतात, ते वेगळं प्रकरण आहे.

मग नुसत्या जास्त-कमीवर गाडी चालते कशी? तर भाकरीसारखी. आई पीठ मळताना पाणी मापून घेत नाही, हाताला कोरडं लागलं की शिंतोडा मारते, सैल वाटलं की पीठ ओढते. ईसीयू तेच करतो, सेन्सर कमी म्हणाला की इंजेक्टर, म्हणजे पेट्रोलचा फवारा, किंचित जास्त वेळ उघडा, जास्त म्हणाला की किंचित कमी, सेकंदाला एक-दोनदा हा झोका चालू. याला शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम म्हणतात. आता समजा मंगळवेढ्याची मालदांडी संपली आणि दुसरीकडची ज्वारी आली, तिला पाणी जास्त लागतंय, तर आई चार दिवसांत शिकते आणि पहिल्यापासूनच पाणी जास्त घेते, हे झालं लाँग टर्म ट्रिम. ईसीयू हे टक्क्यात लिहून ठेवतो. अधिक ५ म्हणजे ठरल्यापेक्षा पाच टक्के जास्त पेट्रोल द्यावं लागतंय. गाडीगणिक फरक असतो, पण हे वीस-पंचवीस टक्क्यांच्या पुढं गेलं की ईसीयू हात टेकतो आणि दिवा लावतो.

जाता जाता, आपल्या सोलापूर जिल्ह्याचा याच्याशी थेट संबंध आहे. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि त्यातलं काही इथेनॉल आपल्या कारखान्यांच्या उसापासून येतं. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्याला जळायला फक्त नऊ पट हवा लागते, त्यामुळं मिश्रणाचा हिशोब १४.७ वरून साधारण साडेतेरावर येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त द्यावं लागतं, जुन्या गाडीत ट्रिम चार-आठ टक्क्यांनी वर सरकलेलं दिसतं. तो आजार नाही, ज्वारी बदलली एवढंच.

आता मेव्हण्याच्या गाडीकडं येऊ. दुसऱ्या वेळी मी त्याला अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका वयस्कर मिस्त्रींकडं घेऊन गेलो. त्यांच्याकडं स्कॅनर चांगला मोठा होता, पण त्यांनी कोड बघून तो लगेच मागं टाकला, "मालक, हे मला गाडी न बघता पण कळालं असतं," म्हणाले. त्यांनी लाईव्ह डेटा उघडला. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, दोन्ही ट्रिम मिळून अधिक २४. मग न्यूट्रलमध्येच रेस धरून इंजिन मिनिटाला अडीच हजार चकरांवर नेलं आणि आकडा उतरत उतरत अधिक ६ वर आला. मिस्त्री म्हणाले, "हवा ओढतीय कुठूनतरी."

कसं कळलं? हिशोब असा. या गाडीत आत येणारी हवा एअर-फ्लो सेन्सर मोजतो आणि तेवढ्याला पेट्रोल दिलं जातं. त्याच्यापुढं थ्रॉटल, म्हणजे रेस दिल्यावर उघडणारी झडप, आणि त्या झडपेच्याही पुढं नळीला चीर असेल तर तिथून न मोजलेली हवा आत घुसते. आयडलिंगला इंजिन समजा सेकंदाला दोन ग्रॅम हवा मोजून घेतंय आणि चिरेतून अर्धा ग्रॅम, तर ते २५ टक्के झालं. अडीच हजारावर मोजलेली हवा आठ-दहा ग्रॅम आणि चीर तेवढीच, म्हणजे पाच-सहा टक्के. चोर तोच, घर मोठं झालं. उलट फ्युएल पंप थकला असता किंवा फिल्टर तुंबला असता तर आयडलिंगला सगळं ठीक आणि हायवेला ओव्हरटेक करताना ट्रिम वर गेलं असतं, कारण तेव्हाच पेट्रोल कमी पडतं. एकच कोड, पण आकडा कधी चढतो त्याच्यावरून दोन वेगळ्या गोष्टी. ज्या गाड्यांत हवा न मोजता मॅनिफोल्डमधलं, म्हणजे थ्रॉटलनंतर हवा सिलिंडरांत वाटणाऱ्या नळ्यांमधलं, प्रेशर मोजतात तिथं हे गणित असं चालत नाही, तिथं गळतीची हवापण प्रेशरमध्ये धरली जाते आणि मग बहुतेक वेळा आयडलिंगच वाढलेलं सापडतं. आणि प्लग मिस होत असेल तर? पेट्रोल जळलंच नाही, ऑक्सिजन तसाच बाहेर, सेन्सर म्हणतो कमी, ईसीयू अजून पेट्रोल ओततो, प्रत्यक्षात न जळलेलं पेट्रोल आधीच सायलेन्सरमधून चाललंय. सेन्सर खोटं बोलत नाही, त्याला फक्त ऑक्सिजन दिसतो.

मग त्यांनी स्मोक मशीन लावलं. इनटेकमध्ये हलक्या दाबानं पांढरा धूर सोडायचा आणि बॉनेट उघडं ठेवून बघत बसायचं. मिनिटाभरात थ्रॉटलच्या पुढं मॅनिफोल्डला जोडलेल्या रबरी नळीच्या खालच्या घडीतून उदबत्तीसारखी रेघ वर आली. वरून नळी एकदम नवी दिसत होती, खाली बोट घातलं तर बारीक चीर. सोलापूरच्या उन्हात बॉनेटखाली आठ-नऊ वर्षं शिजल्यावर रबर दुसरं काय करणार. नळीचे सातशे रुपये, मिस्त्रींची मजुरी वेगळी.

काही ठिकाणी धुराऐवजी नळ्यांवर कार्ब क्लीनर फवारून बघतात, आवाज बदलला की गळती तिथं, पण गरम इंजिनवर ते पेट घेऊ शकतं, घरी करू नका.

आणि पहिल्या वेळी लाईट गेली कशी होती? त्या पोरानं कोड डिलीट केला म्हणून. डिलीट केल्यावर शिकलेलं लाँग टर्म ट्रिमसुद्धा पुसलं जातं, ईसीयू परत शून्यापासून शिकतो, आणि असे बरेचसे कोड गाडीच्या सलग दोन फेऱ्यांत (चालू करून, चालवून, बंद केली की एक फेरी) चूक दिसल्याशिवाय दिवा लावतच नाहीत. म्हणजे पार्ट कुठलाही बदला, वायपरचं पातं जरी बदललं, तरी चार दिवस लाईट लागणार नाही. बॅटरीची वायर काढून लाईट घालवणारे पण हेच करतात आणि वरून कोड लागला त्या क्षणाचा जो पंचनामा साठवलेला असतो, स्पीड किती, इंजिन किती गरम, लोड किती, तो पण पुसून टाकतात. मिस्त्री चिडतात ते यालाच.

लाईट लागली तो दिवस अमावास्येचा होता म्हणून सासूबाईंनी बंपरला नवीन लिंबू-मिरची बांधली, त्याचे दहा रुपये, त्यानं निदान सेन्सर तरी खराब होत नाही. मला जास्त राग येतो त्या ऑनलाइन मिळणाऱ्या प्लगचा, याच ओबीडी सॉकेटला लावा आणि ॲव्हरेज तीस टक्के वाढवा म्हणे. असे प्लग उघडून बघणाऱ्यांना बऱ्याचदा आत लुकलुकणारे दिवे आणि ते लुकलुकवणारी चिप एवढंच सापडलंय. लिंबूवाला निदान टक्केवारी तरी सांगत नाही.

पाचशे-हजाराची ब्लूटूथ डबी घ्यायला माझी हरकत नाही, मीपण घेतली आहे, ट्रिमचे आकडे तिच्यात पण दिसतात. पण एअरबॅग आणि एबीएसचे कोड साधारण तिच्यात येत नाहीत, आणि मोठ्या स्कॅनरवरून ईसीयूला उलट हुकूम देता येतो, फॅन चालू कर, एक नंबरचा इंजेक्टर बंद कर, मग बघायचं की इंजिनला फरक पडतो का.

काढून टाकलेला जुना सेन्सर मी त्या पहिल्या गॅरेजमधून मागून आणला. लॅबमध्ये शिकंज्यात धरला, काळ्या आणि करड्या वायरला मल्टिमीटर लावला आणि गॅसच्या टॉर्चनं टोक लालसर होईपर्यंत तापवलं. ज्योतीत ०.८२ व्होल्ट, ज्योत बाजूला केली की क्षणात शून्याच्या जवळ. ठणठणीत आहे. मेव्हणा म्हणतो द्या परत, ओएलएक्सला टाकतो. मी म्हणलं प्रॅक्टिकलला लागतोय, मिळणार नाही.