फुटत्या लाटा आणि वाळूचे दांडे : लहान होडीचे चालन

उथळ तळावर येऊन फुटणाऱ्या लाटांतून आणि नदीमुखाशी साचलेल्या वाळूच्या दांड्यावरून लहान होडी सुखरूप नेणे, हे नौकानयनातील एक स्वतंत्र कौशल्य आहे. ते किनारपट्टीवर घडले. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांचा खानदेश समुद्रापासून दूर आहे. तरीही ज्या तापीच्या काठाने हा प्रदेश वसला, ती डुमसजवळ अरबी समुद्राला मिळते तेथे असे दांडे आहेत. शिवाय खुद्द खानदेशात जलाशयांवर, संगमांवर आणि बंधाऱ्यांच्या खाली भोई व कोळी नावाड्यांना त्याच जातीच्या पाण्याशी सामना करावा लागतो. होडीखाली पाणी किती आहे आणि प्रवाह कोणत्या दिशेला आहे, यांवरच दोन्ही ठिकाणी सारे ठरते. लाटेच्या उंचीचा विचार त्यानंतरचा.

लाट उथळ पाण्यात शिरली की तिचा पायथा तळाला घासून मंदावतो, मागच्या लाटा जवळ येतात आणि शिखर उंच व उभे होते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण 1.3 पट उरली, की शिखर पायथ्याच्या पुढे निघून कोसळते. एक मीटर उंचीची लाट म्हणूनच सुमारे 1.3 मीटर पाण्यात फुटते आणि दोन मीटरची तिच्या कितीतरी आधी, खोल पाण्यातच फुटू लागते. सौम्य उताराच्या तळावर शिखर फेसाळत हळूहळू सांडते; तळ एकदम चढला तर लाट कमानीसारखी वळून आदळते, आणि लहान होडीला खरा धोका या दुसऱ्या प्रकारापासून असतो. समोरून प्रवाह आला तर खोल पाण्यातही लाटा आखूड व उभ्या होतात. लाटेच्या स्वतःच्या वेगाच्या चौथाईइतका विरुद्ध प्रवाह मिळाला, तर लाट पुढे सरकूच शकत नाही आणि जागीच फुटते.

तापी मध्य प्रदेशातील मुलताईजवळ उगम पावून सुमारे 724 किमी वाहते. तिच्या मुखाशी वाळू व गाळ साचून झालेल्या दांड्यांमुळे मोठी जहाजे सुरतेपर्यंत येऊ शकत नसत. 1608 मध्ये आलेल्या ‘हेक्टर’ या इंग्रज जहाजाला दांड्याबाहेरच नांगर टाकावा लागला. पुढे जहाजे उत्तरेकडील सुवाळीच्या आश्रयाला थांबू लागली. दांडा ओलांडून आत जाणे हे लहान होड्यांचेच काम राहिले. वरच्या अंगाला खडकाळ धावत्या (खडकांवरून वेगाने खळाळणारे उतार) व उन्हाळ्यातील उथळ पात्र यांमुळे तापी कधीच व्यापारी जलमार्ग झाली नाही. मुघल दरबाराकडे निघालेला इंग्रज वकील टॉमस रो 1615 मध्ये सुरतेहून बऱ्हाणपूरला गेला तोही नंदुरबारवरून, खुष्कीच्या मार्गाने. खानदेशात नावाड्याची विद्या लांब प्रवासाची न होता पैलतीर गाठण्याची आणि मासेमारीची का झाली, याचे उत्तर बहुधा यातच आहे.

तापी ज्यात मिळते त्या खंबायतच्या आखातात भरती-ओहोटीतील फरक फार मोठा असतो. भावनगरजवळ उधाणाच्या दिवसांत तो 10 मीटरांच्याही वर जातो. ओहोटीला हे सारे पाणी मुखातून वेगाने बाहेर पडते आणि समुद्रावरून येणाऱ्या लाटांना समोरासमोर भिडते. त्याच वेळी दांड्यावरची खोलीही घटत असते. दांडा ओलांडण्यास ओहोटीचा भर सर्वांत वाईट आणि भरतीचा शेवटचा टप्पा सर्वांत चांगला, हा सर्वत्र पाळला जाणारा नियम यातून आला आहे. निघण्यापूर्वी काही वेळ लाटांकडे नुसते पाहत राहणे आवश्यक असते, कारण मोठ्या लाटा गटाने येतात आणि दोन गटांच्या मध्ये थोडी उसंत मिळते. बाहेरून आत येणाऱ्याची मात्र फसगत होते. त्याला लाटांची पाठ दिसते, फुटणारा चेहरा दिसत नाही, आणि किनाऱ्यावरून भयंकर दिसणारे पाणी समुद्रातून शांत भासते.

बाहेर जाताना होडीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, लाटेला सरळ समोर ठेवतात. लाट गाठेपर्यंत वेग धरायचा आणि शिखराशी तो कमी करायचा, नाहीतर होडी शिखरावरून उडून पलीकडच्या खळग्यात आपटते. पूर्ण थांबणे त्याहून वाईट, कारण वेग गेला की सुकाणूचा ताबा जातो. आत येणे अधिक अवघड आहे. मागून आलेली लाट होडीची मागची बाजू उचलते, नाळ खळग्यात रुतते आणि होडी गर्रकन आडवी होते. त्यानंतरची लाट तिला पालथी घालते. इंजिनाच्या होडीने एका लाटेच्या पाठीवर राहून तिच्याच वेगाने आत यावे, शिखर ओलांडून पुढे जाऊ नये आणि मागच्या लाटेला गाठू देऊ नये. वल्ह्याच्या होडीला हे जमत नाही. दोन मीटर पाण्यात लाटेचा वेग ताशी सुमारे 16 किमी असतो आणि वल्हवणारा त्याच्या निम्माही वेग गाठत नाही. तो नाळ समुद्राकडेच ठेवून होडी उलटी, मागच्या बाजूने किनाऱ्याकडे नेतो. प्रत्येक मोठी लाट आली की दोन-चार वल्ही तिच्याकडे मारून ती अंगावर घेतो आणि ती गेल्यावर पुन्हा मागे सरकतो. दिसायला ही रीत भित्रेपणाची वाटते. वल्ह्याच्या होडीसाठी सर्वांत भरवशाची तीच.

खानदेशातील पाण्याला हे ज्ञान जसेच्या तसे लागू होत नाही, पण त्याचा गाभा लागू होतो. तापी पश्चिमेकडे वाहते आणि पावसाळ्यातील जोरदार वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. पूर आणि वारा एकमेकांसमोर येतात. वाऱ्याने उठलेल्या, दोन-दोन सेकंदांनी येणाऱ्या आखूड लाटा ताशी सुमारे तीन किमीच्या विरुद्ध प्रवाहानेही अडतात आणि फुटतात. एरवी संथ वाटणारे पात्र अशा वेळी काठोकाठ भरलेल्या होडीला पुरून उरते. प्रकाशे येथे गोमाई, मुडावद येथे पांझरा आणि चांगदेव येथे पूर्णा तापीला मिळते. अशा संगमांवर दोन प्रवाहांचे वेग भिन्न असतात आणि मंद पाण्याच्या जागी वाळू साचून उंचवटे होतात, जे दर पुरात जागा बदलतात. गेल्या वर्षीची पाण्याची वाट या वर्षी गृहीत धरता येत नाही.

बंधाऱ्याखालचे पाणी ही वेगळीच गोष्ट आहे आणि ती समुद्रातील लाटेपेक्षा अधिक घातक मानावी लागते. सुलवाडे, सारंगखेडा व प्रकाशे येथील बॅरेजेस (दरवाजांचे मोठे बंधारे) किंवा लहान बंधारे यांच्यावरून पडणारे पाणी तळाशी जाऊन वर येते आणि पृष्ठभागावरून पुन्हा भिंतीकडे ओढले जाते. समुद्रातील फुटलेली लाट माणसाला निदान किनाऱ्याकडे ढकलते; हा भोवरा मात्र होडी व माणूस दोघांनाही तेथेच घोळवत ठेवतो. त्यावर चालनाची कोणतीही युक्ती नाही, अंतर राखणे एवढेच हाती असते. हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्यावर खालची पातळी झपाट्याने वाढते. विसर्गाची सूचना मिळाली की होड्या काठावर ओढून बांधतात.

सातपुड्यातील नर्मदाकाठी, अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांत, सरदार सरोवराचे पाणी अरुंद दऱ्यांत शिरले आहे. 138.68 मीटर पूर्ण पातळीच्या या जलाशयाने रस्ते बुडवले आणि अनेक पाड्यांसाठी होडी हेच वाहन उरले. दरीतून वारा एकवटून येतो, लाटा उभ्या कड्यांवर आपटून परततात आणि येणाऱ्या-परतणाऱ्या लाटा मिसळून पाणी चहूकडून उसळते. पातळी उतरू लागली की बुडालेल्या टेकड्यांचे माथे व झाडांची खोडे पृष्ठभागाच्या जरा खाली येतात. मात्र येथील मोठा धोका लाटेपेक्षा भाराचा आहे. 2019 च्या मकरसंक्रांतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यात नर्मदेवर गर्दीने भरलेली होडी उलटून जीवितहानी झाली. जादा माणसे बसली की होडीचा काठ पाण्याजवळ येतो, आणि सारे एका बाजूला सरकले तर लाट नसतानाही होडी कलंडते.

सामान खाली व मध्यावर बांधणे, माणसांना बसवून ठेवणे, जीवरक्षक जाकीट निघण्यापूर्वीच घालणे आणि पाणी उपसायचे भांडे दोरीने अडकवणे ही तयारी सर्वत्र सारखीच आहे. यंत्रचलित होड्यांची नोंदणी, तपासणी व सुरक्षासाधने यांची तरतूद अंतर्देशीय जलवाहतुकीविषयीच्या 2021 च्या कायद्यात आहे; वल्ह्याच्या डोंग्यांवर मात्र व्यवहारात देखरेख जवळपास नसते.

होडी उलटलीच तर तिला धरून राहावे. पालथी होडी तरंगते आणि शोधणाऱ्याला दुरून दिसते. फुटत्या लाटांत मात्र होडीच्या समुद्राकडील अंगाला राहावे लागते, कारण लाट होडीला किनाऱ्याकडे फेकते आणि त्या बाजूचा माणूस तिच्याखाली सापडतो. नदीच्या धारेत हाच नियम प्रवाहाच्या वरच्या अंगाला राहण्याचा होतो, म्हणजे होडी आणि खडक यांच्यामध्ये माणूस चिरडत नाही.