उन्हातून आल्या आल्या सुया का लावत नाही?

मार्च उजाडला की आमच्या ॲक्युपंक्चर क्लिनिकच्या रिसेप्शनवर दोनच प्रश्न असतात. "वेळ साडेतीनची दिली होती ना, मग बसवून का ठेवलंय?" आणि "एसी जरा वाढवता का?" दोन्हींची उत्तरं तोंडी देऊन घसा बसला, म्हणून हा कागद. बसल्या बसल्या वाचून होईल.

दर उन्हाळ्यात घडतं ते असं. पेशंट दुपारच्या रणरणत्या उन्हात कात्रजहून स्कूटरवर येतो. ट्रीटमेंट आहे म्हणून मुद्दाम जेवलेला नसतो. वाटेत रसवंतीवर बर्फ घातलेला मोठा ग्लास मारलेला असतो आणि आल्या आल्या त्याला टेबलावर झोपायचं असतं. चौथी-पाचवी सुई लागते न लागते तोच कपाळावर गार घाम, ओठ पांढरे, "मॅडम, मळमळतंय." मग सगळ्या सुया काढायच्या, पाय वर घ्यायचे, कोमट साखरपाणी द्यायचं. अर्धा तास जातो. चिनीत याला युन-झेन म्हणतात, म्हणजे सुईची भोवळ. बहुतेक वेळा पडून राहिलं की माणूस सावरतो, पण त्याचं त्या दिवसाचं सेशन बुडतं आणि मागच्या तिघांची वेळ कोलमडते. उपाशीपोटी यायचं ते रक्त तपासायला. सुयांना येताना तास-दीड तास आधी थोडं खाऊन या, दोन पोळ्या-भाजीसुद्धा पुरे.

म्हणून आल्यावर सुया लावण्याआधी २० मिनिटं बसवून ठेवतो. माठातलं पाणी घोट घोट प्या, घाम वाळू द्या. समोर सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा फोटो आहे. १९३८ मध्ये ते वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि तिथेच वारले. ॲक्युपंक्चर त्यांनी भारतात आणलं असं अनेकांना वाटतं, पण ते शल्यचिकित्सक होते. सुयांची विद्या नंतर इकडे आणली ती त्याच पथकातल्या डॉ. विजयकुमार बसूंनी. त्यांचा फोटो मिळाला की तोही लावू.

आता बर्फाचं. चिनी वैद्यकात उन्हाळा म्हणजे अग्नितत्त्व आणि हृदय. या दिवसांत शरीराची ऊब, म्हणजे यांग, त्वचेकडे धावते, रंध्रं उघडतात आणि पोट आतून उलट गार, दुबळं राहतं असं ते मानतात. 'ह्वांगदी नेइजिंग' हा त्यांचा दोन हजार वर्षांपूर्वीचा मूळ ग्रंथ तर उन्हाळ्यात यांग जपा असंच सांगतो. रात्री जरा उशिरा झोपा, पहाटे लवकर उठा, उन्हाचा तिटकारा करू नका, राग धरू नका. (यातलं शेवटचं आमच्या रिसेप्शनलाही लागू आहे.) अशा पोटात बर्फ ओतला की पचनाची चूल विझते. चीनमध्ये म्हणच आहे, हिवाळ्यात मुळा खा, उन्हाळ्यात आलं खा, वैद्याच्या चिठ्ठीची गरज नाही. आपले रसवंतीवाले उसाबरोबर आल्याचा तुकडा चरकात घालतात तेव्हा नकळत तेच करतात. तुम्ही फक्त "बर्फ नको" एवढं म्हणा.

गुणाने थंड वेगळं आणि फ्रिजमधलं थंड वेगळं. सब्जा, गुलकंद, कोकम माहीत असलेल्यांना हे समजावायला नको, तरी गल्लत रोज होते. चिनी घरांत उन्हाळ्यात कलिंगड, कारलं, कोहळा आणि मूग चालतात. मुगाचं पाणी तर घरोघरी: अख्खे हिरवे मूग धुऊन भरपूर पाण्यात उकळायचे, सालं फुटायला लागली की आच बंद, आणि वरचं हिरवट पाणी कोमट किंवा साधं प्यायचं. मूग गाळ होईपर्यंत शिजवलेत तर ते वरण झालं.

एक सांगायलाच हवं. चिनी पंचांगात उन्हाळा ५ मेच्या सुमारास लागतो आणि सर्वांत कडक दिवस, त्यांचं सान-फू, जुलैच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत असतात. तेव्हा आपल्याकडे छत्र्या उघडलेल्या असतात. त्यामुळे व्हिडिओ बघून एप्रिलमध्ये "पाठीवर सान-फूच्या पट्ट्या लावून द्या" म्हणून येऊ नका. त्यात पांढऱ्या मोहरीचा लेप असतो, जास्त वेळ राहिला तर फोड येतात. आम्ही त्या लावत नाही, जुलैतही नाही.

काउंटरवर शेवंतीच्या चहाची पाकिटं आहेत. चीनच्या चच्यांग प्रांतातली पांढरी फुलं, डोळ्यांची आग आणि उन्हाने चढलेलं डोकं यांसाठी तिकडे पिढ्यान्‌पिढ्या पितात. कपात ५-६ फुलं, गरम पाणी, ५ मिनिटं झाकण. साखर नको. शेवंती-झेंडूच्या जातीची ॲलर्जी असेल तर घेऊ नका. आणि कृपया मंडईतली हाराची शेवंती उकळू नका, तिच्यावर कसली फवारणी असते देव जाणे. गेल्या वर्षी एक काकू ती पिऊन "तुमचा चहा कडू लागतो" म्हणून भांडायला आल्या होत्या. आमचं पाकीट त्यांनी नंतर नेलं.

प्रवासात मळमळलं तर मनगटाच्या आतल्या घडीपासून कोपराकडे स्वतःची तीन बोटं मोजा. दोन शिरांसारख्या ताठ दोऱ्या लागतात, त्यांच्या मधोमध अंगठ्याने मिनिटभर दाबा. याला नेइगुआन म्हणतात. मात्र अंग तापलंय, बडबड सुरू आहे, शुद्ध हरपतेय, तर दाबत बसू नका आणि आमच्याकडेही आणू नका. तो उष्माघात, थेट हॉस्पिटल गाठा.

उन्हाळ्यात सकाळी ७ ते १० च्या वेळा जास्त ठेवल्या आहेत. दहा सेशनचा कोर्स घेणाऱ्यांना त्या आधी मिळतात. सुया दर वेळी नव्या, तुमच्यासमोर पाकीट फोडून. एसी २६ वर आणि झोत अंगावर येणार नाही असा, कारण घामेजलेल्या उघड्या पाठीवर गार वारा हेच मान आखडायचं कारण म्हणून चिनी वैद्य सांगतात. रिमोट ड्रॉवरमध्ये आहे, मागू नका.