दुखऱ्या दाढेपासून छातीपर्यंत: मान सडवणाऱ्या संसर्गाची पार्श्वभूमी

मराठवाड्यात दाढ दुखली की आधी लवंग, मग मिशरी, मग मेडिकलवरची गोळी. गाल सुजला की शेक. दातांचा डॉक्टर या रांगेत सगळ्यात शेवटी. ऊसतोडीला गेलेल्यांचे तर आणखी अवघड. नवरा-बायकोतले एक आजारी पडले की अख्खा कोयता थांबतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात. बहुतेकांची सूज यातूनही उतरते. काहींची मात्र, विशेषतः साखर वाढलेल्यांची, मानेत उतरते.

खालच्या शेवटच्या दोन दाढांची मुळे जबड्याच्या आत बरीच खोलवर असतात. तिथला पू तोंडात न फुटता थेट जबड्याखाली जातो. १८३६ मध्ये जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग यांनी अशा पाच रुग्णांची नोंद केली. हनुवटीखाली लाकडासारखी कडक सूज, वर उचललेली जीभ, गिळता न आल्याने गळणारी लाळ. ‘लुडविग्ज अंजायना’ हे नाव त्यावरूनच पडले. पेनिसिलिन येण्यापूर्वी यातले निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत, बरेचसे श्वास कोंडून.

पण सुजणे वेगळे आणि सडणे वेगळे. सडण्याच्या आजाराची, म्हणजे आज ज्याला ‘नेक्रोटायझिंग फॅसायटिस’ म्हणतात त्याची, पहिली मोठी मोजदाद युद्धातून आली. अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेच्या फौजेत डॉक्टर असलेल्या जोसेफ जोन्स यांनी १८७१ मध्ये २,६४२ रुग्णांची माहिती मांडली. त्यातले जवळपास निम्मे दगावले होते. या आजारात स्नायूंवरच्या पातळ आवरणातून संसर्ग पसरतो आणि वाटेतल्या बारीक रक्तवाहिन्या गोठवत जातो. वरची कातडी सुरुवातीला जेमतेम लाल दिसते, दुखणे मात्र दिसण्याच्या मानाने भलतेच असते. मग ती जांभळी पडते, बधिर होते, काळी पडते. दुखायचे थांबले म्हणून घरच्यांना हायसे वाटते, तीच वेळ धोक्याची.

या आजारावरचा १९२४ चा अमेरिकी सर्जन फ्रँक मेलेनी यांचा पेकिंगमधला (आताचे बीजिंग) अहवाल मला सगळ्यात बोलका वाटतो. रुग्ण वीस आणि मृत्यू वीस टक्के, तेही अँटिबायोटिक्स नसताना, मुख्यतः वेळेवर मोठे छेद घेऊन. पेनिसिलिन आल्यावर लुडविगच्या सुजेतले मृत्यू झपाट्याने घटले. सडण्याच्या आजारात तशी घट झाली नाही. कारण साधे आहे: रक्तच पोहोचत नाही तिथे औषध कुठून पोहोचणार?

१९५२ मध्ये विल्सन या अमेरिकी सर्जननी या सडण्याच्या आजाराला ‘नेक्रोटायझिंग फॅसायटिस’ हे नाव रूढ केले. तेव्हा निजामाच्या राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या मराठवाड्यात एकही मेडिकल कॉलेज नव्हते. औरंगाबादचे, म्हणजे सगळ्यांची ‘घाटी’, १९५६ मध्ये सुरू झाले. अंबाजोगाईचे सत्तरच्या दशकात. मानेच्या बाबतीत मोठ्या हॉस्पिटलपर्यंतचे अंतर जिवावर बेतते, कारण घशामागच्या फटींतून पू सरळ छातीत उतरू शकतो. तो तिथे पोहोचला की वाचण्याची शक्यता बरीच घटते.

२०२१ मध्ये काळ्या बुरशीने, म्हणजे म्युकरने, जबडे आणि डोळे गमावलेले रुग्ण मराठवाड्यानेही पाहिले. ते जंतू नव्हेत, बुरशी. सुरुवातही दाढेतून नाही, बहुधा नाकातून. तरी रक्तवाहिन्या गोठवून मांस मारायची तऱ्हा तीच, आणि वाढलेली साखर इथेही होतीच. अँफोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधाच्या तुटवड्याची तेव्हा फार चर्चा झाली. मेलेला भाग काढावाच लागतो, हे त्यात मागे पडले.

निदान लवकर व्हावे म्हणून २००४ मध्ये सिंगापूरच्या डॉक्टरांनी रक्ताच्या सहा तपासण्यांवरून गुण देण्याची पद्धत सुचवली. पण गुण कमी भरले म्हणून आजार नाही, असे तिच्यावरून म्हणता येत नाही. शंका असेल तर सर्जन छोटा छेद घेऊन बोट आत घालतात. एरवी घट्ट चिकटलेले थर बोटाने सहज सुटत गेले, रक्त न येता राखाडी पाणी आले, की रिपोर्टची वाट न पाहता मेलेले सगळे कापून काढतात. आणि बहुधा चोवीस तासांत पुन्हा उघडून पाहतात, कारण पहिल्या खेपेला सगळे निघतेच असे नाही.